खरड छाटणीच्या दिवसांतले पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी मिळाले. आजारपणामुळे संडे स्कूल सुटले, मंडळीतली बाकीची कामेही गेली आणि आता आपण वाळक्या फाट्यासारखे झालो आहोत, असे तू लिहिले आहेस. बागेची खरड छाटणी चालू असल्यामुळे उत्तराला उशीर झाला. पण उत्तर सुचले तेही बागेतच.

तू इतकी वर्षे मुंबईत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या निफाडकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला की एप्रिलच्या उन्हात ओलांड्यावरची, म्हणजे तारेवर आडव्या वाढवलेल्या फांदीवरची, प्रत्येक काडी एक-दोन डोळे (कोंब फुटायच्या जागा) राखून कापायची, हीच खरड छाटणी, आणि मग कालपरवापर्यंत हिरवा असलेला मांडव म्हणजे नुसत्या तारा आणि खोडे. फळ धरायचे ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मात्र त्याचा घड काडीच्या डोळ्यात तयार होतो तो खरड छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत, आणि बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही.

बाग हाती आली त्या पहिल्या वर्षी हिरव्या काड्या कापणे माझ्या जिवावर आले, म्हणून मी त्या लांब राखल्या. पावसाळ्यात मांडव असा दाटला की खाली उन्हाचा कवडसा पडेना. येणारे-जाणारे कौतुक करीत, मीही सुखावत असे. ऑक्टोबरमध्ये मात्र काडीमागून काडी वांझ निघाली, कारण डोळ्यांना ऊन मिळालेच नव्हते.

बायबलमध्ये योहान 15:2 मध्ये फळ न देणारा फाटा पिता काढून टाकतो आणि फळ देणारा साफ करतो. मूळ ग्रीकमध्ये हे ‘साफ करणे’ आणि पुढच्याच वचनातले ‘शुद्ध’ हे शब्द एकाच धातूचे आहेत. तुझा आजार म्हणजे देवाची छाटणी, असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून असा उपदेश करणाऱ्यांचा मला रागच येतो. छाटणीची टोळी एकराच्या हिशेबाने काम उरकते, तिच्या मागे मी वेलीवेलीपाशी थांबत जातो. येशूने पित्याला माळी म्हटले आहे, हे मला त्या वेळी फार जवळचे वाटते.

परवा सकाळी अशाच फेरीत एका ताज्या कापाखाली बोट धरले. थेंब जमला, बोटावर ओघळला, लगेच दुसरा आला. शेजारच्या वाळलेल्या काडीचा काप कोरडा ठणठणीत होता. कामे सुटल्याचे तुला इतके दुखते आहे, तेव्हा वाळक्या फाट्याचा दाखला मला काही पटला नाही.

शेवटच्या ओळीतले घड मळ्यातली काही द्राक्षे गरिबांसाठी राखावीत हे लेवीय 19:10 चे वचन स्मरून मजुरांच्या मुलांसाठी ठेवले होते. त्यातून उरलेल्यांचा थोडा बेदाणा झाला, तो पाठवतो. डॉक्टरांनी परवानगी दिली तर मे महिन्यात ये. तेव्हा फुटींची विरळणी चालू असेल. सावली मात्र मागू नकोस, मांडव अजून उघडाच असणार.

तुझा,
बालमित्र