बाय, कॅमेरा चालू ठेव

केपे, गोवा

चि. बाय हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी चिडते आणि तू ‘हो हो’ म्हणत ठेवून देतेस, म्हणून लिहिते. वहिनीने बारशाचे फोटो पाठवले. मागच्या रांगेत तू, आणि ओढणीखाली प्लास्टर. मी फोटो मोठा करून पाहिला, मग बाबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. ‘नेट बरोबर नाही’ म्हणून तू कॅमेरा का बंद ठेवत होतीस, ते तेव्हा कळलं.

हे पत्र रागावायला नाही. हाड सांधतं, तुझं वयच सांधायचं आहे. पण रात्री अकरा वाजता हिंजवडीहून स्कूटर, तीही पावसात? कंपनीची गाडी असते ना? उशीर होतो तर होऊ दे. जाऊ दे, स्कूटरबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

मनगट मोडलं हे कळल्यापासून आजी डोळ्यांसमोरून हलत नाही. तुला माहीत आहे ती वालकिणीच्या पुनर्वसन वसाहतीतली, ओट्यापाशी उभी राहून गॅसवर चहा करणारी. माझी आजची आठवण कुर्डीची आहे, धरणात गेलेल्या आपल्या जुन्या गावची. आम्ही उठायच्या आत तिची चूल सारवून झालेली असे. दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडाला लावायला तोर, खारातली कैरी. मे महिना लागला की घरात बसायला जागा नसे, पुरुमेंताची, पावसाळ्याच्या बेगमीची धांदल. अंगणभर मिरच्या, चिंच, फणसाची साटां. तोरां मिठाच्या पाण्यात घालून बुयांवाचं, म्हणजे बरणीचं, तोंड फडक्याने बांधायचं आणि त्याला हात लावायचा नाही. पावसाळ्यात नदी चढली की बाजार बंदच, जे घरात असेल त्यावर चार महिने काढायचे. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, साली त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकायची. हे बरेचदा करावं, तेव्हा कुठे सोलां काळी होत.

बियासुद्धा टाकत नसे ती. वाळवून, कुटून पाण्यात उकळायची आणि वर तरंगलेला तेलाचा थर पळीने अलगद काढायची. तो घट्ट होत आला की तळहातावर घेऊन वळायची, अंड्याएवढा गोळा. ते भिरंडेल. रात्री आमच्या भेगाळलेल्या टाचांना दिव्यावर ऊन करून लावायची. चटका बसला म्हणून मी पाय ओढला की घोटा घट्ट धरून ठेवायची. तिच्या हाताला एवढी ताकद होती.

तोच हात मोडला होता. मिरगाच्या पहिल्या पावसात विहिरीच्या पायरीवर घसरली, कमरेवर भरलेली कळशी. घरी आली, लुगडं बदललं, कुणाला काही बोलली नाही. एका हाताने पेज वाढली, गुरांना पाणी दाखवलं. संध्याकाळी नारळ खवायला आदोळीवर बसली तेव्हा मी पाहिलं. नारळाची कवड दोन्ही हातांनी धरून फिरवावी लागते, ती डाव्या हातातून पुन्हा पुन्हा सटकत होती. मी ओरडले तेव्हा आजोबा आले. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण तोवर सूज आली होती. मनगट वाकडंच राहिलं. त्या हातात मग बांगडी चढेना. तुझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्यांतली एक नवी दिसते ना, ती त्यामुळे. ती तिने कधी घातलीच नाही.

तेव्हा सांगितलं असतं तर हात सरळ राहिला असता. मी एवढंच म्हणते.

सगळंच ती अशी पोटात ठेवायची. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन गेले होते, साळावलीचं धरण झालं की दक्षिण गोव्याला पाणी मिळेल म्हणून. पुढे ८० च्या दशकात गाव उठला. महादेवाचं देऊळ दगडन्‌दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन उभारलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं घर गेलं तसं आमचंही गेलं. वालकिणीत नळ आला तेव्हा आजी कळशी त्याखाली धरून उभी राहिली. ती भरून वाहायला लागली तरी हलेना. मी नळ बंद केला. काही म्हणाली नाही, आत जाऊन तांदूळ धुतले.

मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरतं, बुडालेला गाव वर येतो, सोमेश्वराच्या उत्सवाला सगळे कुर्डीकर जमतात. तुला कडेवर घेऊन मी तिला नेत असे. देवाचं सगळं करायची. घराच्या जोत्याकडे चल म्हटलं की पाय दुखतात म्हणायची. ते पाय एरवी कधी दुखले नाहीत.

तू तिच्यावर गेली आहेस असं सगळे म्हणतात आणि मला बरं वाटतं. एका हाताने स्वयंपाक केलास, ऑफिसही चुकवलं नाहीस म्हणे. वहिनीने सांगितलं तेव्हा छाती भरून आली आणि लगेच पोटात गोळा आला. हे तेवढं तिचं घेऊ नकोस, बाय. कष्ट घे, हात घे, सुगरणपण घे. दुखलं की सांग. रात्री दोनला फोन कर, मी उचलीन. मी घाबरेन म्हणून लपवतेस हे मला कळतं, पण न सांगितल्याने मी जास्त घाबरते. आता तू दोन मिनिटं फोन उचलला नाहीस तरी मला रस्त्यावर पडलेली स्कूटर दिसते.

पुन्हा तेच सुरू केलं. माफ कर. तू मोठी आहेस, कमावतेस.

धाकट्या मामाबरोबर डबा पाठवते. नाचण्याचं सत्व आहे, गूळ आणि नारळाचं दूध घालून तिजण कर. दूध शेवटी घाल आणि मग उकळू नकोस, फाटतं. आजी तोंडात पहिला चमचा आपल्या हाताने भरवायची, ते काही डब्यातून पाठवता येत नाही. भिरंडेलाचा गोळाही ठेवलाय, मडगावच्या बाजारातला. प्लास्टर निघालं की कातडी कोरडी पडेल, डॉक्टरांना विचारून लाव. एक्स-रेचा फोटो आजच पाठव, बाबा त्यांच्या मित्राला दाखवणार आहेत. त्यांनी पैसे टाकलेत, ते रिक्षाचे आहेत. स्कूटर दुरुस्तीला वापरायचे नाहीत.

तुझी
आई