ईसीयू काढण्याआधी: मित्रास पत्र

टिळकवाडी, बेळगाव
दि. १८ मे

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आपल्या दोघांच्या ऑक्टाव्हिया एकाच काळातल्या आणि एकाच १.९ टीडीआय इंजिनाच्या, त्यामुळे मी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार चालवणारी संगणकाची पेटी, काढून त्यातला प्रोग्रॅम बदलून घेतल्याचे कळताच तुलाही तसे करावेसे वाटणे साहजिक आहे. तू पत्रात विचारले आहेस ते इतकेच, की गाडीची ताकद किती वाढली आणि खर्च किती आला. त्याचे उत्तर पुढे देतोच. पण त्याआधी ती पेटी काढताना आणि परत बसवताना जे हाती लागले ते तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ते ठाऊक नसते तर मी चुकीच्या दुखण्यावर औषध घेऊन बसलो असतो.

माझी तक्रार तुला माहीत आहे. मुलीकडे म्हापशाला जायचे म्हणजे जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट. गाडीत चार माणसे आणि सामान असले की येताना गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूने चढताना मिनिटाला १८०० ते २५०० फेऱ्यांच्या मध्ये इंजिन जीव टाकल्यासारखे वागे, गिअर खाली घ्यावा तर आवाज वाढे, वर ठेवावा तर गाडी ओढत नसे. कंपनीच्या कागदावर या इंजिनाची ताकद ९० अश्वशक्ती आणि टॉर्क २१० न्यूटनमीटर आहे. एवढ्या वजनाला तो कमी पडतो अशी मी मनाची समजूत घातली होती. कोल्हापूरच्या एका जाणकाराने सांगितले की प्रोग्रॅम बदलला तर १२० पर्यंत जाता येते, आणि मी लगेच तयार झालो.

ही ईसीयू, जिला आपल्याकडचे गॅरेजवाले ईसीएम म्हणतात, आपल्या गाडीत इंजिनाशेजारी नाही. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली जो काळा प्लॅस्टिकचा पत्रा दिसतो, त्याच्या खालच्या खळग्यात ती बसवलेली आहे. दोष तपासायला लॅपटॉप जोडतात त्या गाडीतल्या निदानाच्या पोर्टमधूनही प्रोग्रॅम लिहिता येतो. पण लिहिता लिहिता बॅटरीचा विद्युतदाब घसरला किंवा केबल हलली तर अर्धवट लिहिलेली पेटी निकामी होऊ शकते. म्हणून त्या गृहस्थाने पेटी टेबलावर घेऊन, स्थिर विद्युतपुरवठ्यावर आधी मूळ प्रोग्रॅम वाचून त्याच्या दोन प्रती जपून ठेवायच्या आणि मगच हात लावायचा, असा आग्रह धरला. मला त्याची ही सावधगिरी फार आवडली. पेटी काढून नेण्याचे काम मात्र मी माझ्याकडे घेतले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सुरुवात केली. किल्ली काढून ठेवली आणि काही मिनिटे थांबलो, कारण किल्ली बंद केल्यावरही ही पेटी थोडा वेळ जागी असते आणि त्या अवस्थेत तिचा कनेक्टर ओढणे बरे नाही. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडले. बॅटरी सोडल्यावर रेडिओ जो कोड मागतो तो आधी लिहून ठेवला होता, तूही ठेव. वायपरचे दांडे काढण्यापूर्वी ते काचेवर नेमके कुठे थांबतात, तिथे कागदी चिकटपट्टीच्या खुणा केल्या. टोपीखालचा १३ नंबरचा नट सुटतो, पण दांडा आपल्या खाचांमध्ये इतका घट्ट बसलेला असतो की ओढून निघत नाही. तो हळूहळू डोलवत सैल करावा लागतो. जोर केला तर काच जाईल. त्यानंतर बॉनेटची रबरी पट्टी उपटून तो प्लॅस्टिकचा पत्रा वर उचलला.

आणि आत पाहिले तर तळाला पाणी! बेळगावात शेवटचा पाऊस होऊन महिने झाले होते. हे पाणी मी दर रविवारी गाडी धुतो त्याचे होते. घरासमोर गुलमोहर आहे. त्याची पाने किती बारीक असतात ते तू पाहिलेच आहेस. ती जाळीतून सहज आत शिरतात. वर्षानुवर्षे आत पडून, कुजून त्यांचा काळा लगदा झाला होता, आणि खळग्यातले पाणी खाली काढून देणाऱ्या भोकांवर जी रबरी तोंडे असतात ती त्या लगद्याने पुरती बुजली होती. दोन ओंजळी भरून घाण निघाली. पेटी त्या पाण्याच्या जेमतेम दोन बोटे वर होती. गेल्या जुलैत याच गाडीतून कणकुंबीच्या पावसात आम्ही गेलो होतो हे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

पेटी एका धातूच्या स्प्रिंगपट्टीने धरलेली असते. ती सपाट स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने हलकेच उचलली की निसटते. दोन कनेक्टर आहेत, एक मोठा आणि एक लहान, मिळून १२१ पिना. प्रत्येकाला कुलूपपट्टी आहे. ती पूर्ण मागे सरकवली की कनेक्टर स्वतःहून थोडा वर येतो, त्याला ओढायची गरज नाही. माझ्या मोठ्या कनेक्टरची पट्टी मुळात पूर्ण बसलेलीच नव्हती. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये या भागात काम झाले होते. तिथे कोणीतरी ती अर्धवट लावून वर पत्रा ठेवून दिला असावा. सुमारे केसाएवढी फट राहिली, तिथून दमट हवा आत गेली, आणि तीन पिनांवर हिरवट कीट चढला होता. गाडीच्या वायरिंगच्या नकाशावर पाहिले तेव्हा त्यातली एक पिन हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची निघाली.

आता यातली मेख पाहा. या इंजिनात किती डिझेल सोडायचे हे पेटी ठरवते, आणि धूर होऊ नये म्हणून आत आलेल्या हवेच्या हिशोबाने त्याला मर्यादा घालते. कीट चढलेल्या पिनेतून हवेचा आकडा खरा आहे त्याहून कमी पोचत होता. म्हणजे छातीत श्वास पुरेसा जात असूनही पेटीला तो अपुरा वाटे आणि ती डिझेल आखडून धरी. पावसाळ्यात गाडी अधिक सुस्त होते असे मी म्हणायचो, आणि तू ते माझ्या मनाचे खेळ ठरवत होतास; त्यामागचे कारण बहुधा हेच होते. या अवस्थेत मी नवा प्रोग्रॅम घातला असता तर त्याने धुराची मर्यादा वर ढकलून दोष झाकला असता, आणि पुढे कधी पिनेचा संपर्क नीट जुळला असता तर गाडीने काळा धूर ओकला असता.

म्हणून मी कोल्हापूरला जाण्याचा बेत पुढे ढकलला. शहापुरातल्या एका वायरिंगवाल्याने कनेक्टरच्या बाजूची तीन टर्मिनले नवी घालून दिली. पेटीच्या पिना मी कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ केल्या. पॉलिश पेपर लावायचा मोह आवर, कारण वरचा मुलामा गेला की गंज लवकर येतो. उघड्या पिनांना बोट लावण्याआधी दर वेळी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावत होतो. त्या कोरड्या दिवसांत अंगावर स्थिर वीज साठते. ती आपल्याला अनेकदा जाणवतही नाही, पण आतली चिप बिघडवायला पुरते. (इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले काळजी घेणारे वेल्डरही बॉडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडून ईसीयूचे कनेक्टर काढायला सांगतात, त्यामागची भीतीही अशीच आहे.) मग तीच पेटी, तोच जुना प्रोग्रॅम, जशीच्या तशी परत बसवली. कुलूपपट्टी शेवटपर्यंत सरकली की एक बारीक टक् आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. निगेटिव्ह टर्मिनल सगळ्यात शेवटी.

लॅपटॉप जोडून पाहिले. पेटी आपली मोजमापे क्रमांकाच्या गटांत दाखवते. ३ क्रमांकाच्या गटात मोजलेली हवा दिसते आणि ११ क्रमांकाच्या गटात टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, मागितलेला व मिळालेला दाब. पूर्वी नोंदवलेला हवेचा आकडा एका स्ट्रोकला ६९० मिलिग्रॅमच्या आसपास अडायचा. आता तेवढ्याच फेऱ्यांना तो ८५० च्या वर गेला. पुढच्या आठवड्यात चोर्ल्याने जाऊन आलो, आणि ज्या वळणांवर मी दुसरा गिअर घेत असे तिथे तिसऱ्यात गाडी निमूटपणे चढली. तुला खरे सांगतो, माझी निम्म्याहून अधिक तक्रार तिथेच संपली.

तरीही मार्चमध्ये मी पेटी पुन्हा काढून कोल्हापूरला नेलीच, स्थिर विजेपासून जपणाऱ्या करड्या पिशवीत घालून. पण मागणी बदलली होती. मोटर वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, हे मी वाचले होते. म्हणून वरच्या फेऱ्यांमधली कमाल ताकद आणि धुराची मर्यादा यांना हात लावू नये, फक्त खालच्या फेऱ्यांमध्ये टर्बोचा दाब आणि डिझेलची वाढ थोडी लवकर व्हावी, एवढेच सांगितले. त्याला हे थोडे पचायला जड गेले, कारण लोक त्याच्याकडे आकडा मागायला येतात. विमा कंपनीलाही पत्राने कळवले आहे. तेव्हा ‘ताकद किती वाढली’ याचे माझे उत्तर असे: कमाल ताकद मुद्दाम वाढवली नाही, आणि चढावरचा उरलेला अडखळा गेला. जुना क्लच शाबूत आहे. १२० च्या मागे लागलो असतो तर तो आधी घसरू लागला असता. खर्चाचा हिशोब वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. त्यातली टर्मिनले आणि क्लीनर यांची ओळ सगळ्यात लहान आहे, ती नीट पाहा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नकोस. तू लिहिले आहेस की भंगारवाल्याकडे दुसऱ्या ऑक्टाव्हियाची पेटी स्वस्तात मिळते, तिच्यात प्रोग्रॅम घालून मूळ पेटी जपून ठेवावी. कल्पना चांगली वाटते, पण किल्लीतली चिप, मीटरचा पॅनेल आणि ईसीयू ही तिघे एकमेकांना ओळखतात. परकी पेटी लावलीस तर इंजिन सुरू होऊन क्षणात बंद पडेल आणि लॅपटॉपवर १७९७८ हा कोड येईल, म्हणजे इमोबिलायझरने, चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, इंजिन अडवले. तो गुंता सुटतो, पण त्यासाठी बहुधा तुझ्या पेटीतला मजकूर आधी वाचावा लागतो. मग भंगारातली कशाला?

तुझ्या गाडीवर निपाणीत घरासमोरच्या चिंचेची सावली दिवसभर असते, आणि चिंचेची पानेही गुलमोहरासारखीच बारीक. मृग निघायला तीन आठवडे उरले आहेत. तोवर प्रोग्रॅमचा विचार बाजूला ठेव आणि या रविवारी नुसता वायपरखालचा पत्रा उचलून भोके बघ. १३ चा सॉकेट आणि चिकटपट्टी घरात असेलच. लॅपटॉप आणि केबल घेऊन मी सकाळी नऊपर्यंत पोचतो. वहिनींना सांग, जेवायलाही थांबेन.

तुझा,
बाळू