मत कुणाला ते ठरवूनच गावाकडं ये

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर म्हटलास, "आमदार कुणीबी होऊ दे, सीमाप्रश्न सुटणार नाही, मग पुण्याहून एवढं लांब येऊन बटण दाबून करू काय?" फोनवर घाईत नीट बोलता आलं नाही म्हणून आता सविस्तर लिहालोय.

सीमाप्रश्नाचं दुःख मलाही तेवढंच आहे रे. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, अजून तो दिवस आपल्याकडं काळा दिन म्हणून पाळतात. पण 2004 पासून त्यावरचा महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल काय आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा आमदार देणार नाही. मराठी शाळांना शिक्षक का मिळेनात, पावसाळ्यात जंगलातल्या वाड्यांना रस्ता का ऱ्हात नाही, म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पात कणकुंबीकडच्या गावांचं काय होणार, हे विधानसभेत उठून विचारायचं काम मात्र त्याचंच आहे, आणि तो विचारतो का नाही हे बघायचं काम आपलं.

आणि खासदाराचं तर विचारूच नको. खानापूर लोकसभेला बेळगावात येतच नाही, उत्तर कन्नडमध्ये येतं, म्हणजे आपण कारवार-शिरसीच्या लोकांबरोबर खासदार निवडतो. निपाणी चिक्कोडीत, आणि बेळगाव शहर बेळगावात. तरी आपल्या गल्लीतली पोरं बेळगावच्या उमेदवारावरनं तावातावानं भांडालीत, ज्याचं नाव त्यांच्या मशीनवर येणारच नाही! हे बघून जीव तुटतो माझा.

1996 चं आठवतंय ना, मोठ्या माणसांकडनं ऐकलेलं? बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते. निवडून यायला नव्हे, सीमाभागाचं गाऱ्हाणं दिल्लीला दिसावं म्हणून आपल्या लोकांनी पदरचं डिपॉझिट भरून अर्ज टाकले. तेव्हा डिपॉझिट 500 रुपये होतं, त्याच वर्षी कायदा बदलून 10,000 केलं, आता तर 25,000 आहे, शिवाय अपक्षाला दहा सूचक लागतात. चूक का बरोबर यावर वाद घाल पाहिजे तर, पण निवडणुकीचा कायदा काय आहे हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांनी उपयोग केला. मला तेच मोठं वाटतं. आपल्या हातात मोबाईल असून आपण फॉरवर्डवर मत ठरवतो.

म्हणून सांगतो, उमेदवाराचं ॲफिडेव्हिट वाच. 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते द्यावंच लागतं, केसेस किती, मालमत्ता किती, कर्ज किती, सरकारची थकबाकी आहे का, शिक्षण काय, सगळं त्यात असतं आणि इलेक्शन कमिशनच्या वेबसाईटवर कुणालाही बघता येतं. दोन इलेक्शनची ॲफिडेव्हिटं शेजारी ठेवून बघ, पाच वर्षांत जमीन किती वाढली ते लगेच कळतं. "आपला माणूस" म्हणून भाषणात टाळ्या मिळवणाऱ्याचं पण वाच, त्याचं तर आधी वाच, कारण मराठीच्या नावानं मत मागणाऱ्याकडनं मला जास्त अपेक्षा आहे. आणि घरात पाकीट, साडी, कुकर काय आलं तर घेऊ नका म्हणून काकूंना सांग, देणाऱ्यासारखाच घेणाऱ्यावरपण गुन्हा होतो.

अजून एक, तू पुण्यातपण नाव घालणार म्हणालास. दोन्हीकडं नाव ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. कायमचा तिथंच ऱ्हाणार असशील तर फॉर्म 8 भरून नाव तिकडं ने, मला वाईट वाटेल पण तिथल्या रस्त्या-पाण्याचा हिशेब तरी तू विचारशील. इथं यायचं असेल तर यादीत नाव आहे का आत्ताच 1950 या मतदार हेल्पलाईनला फोन करून बघ, ऐन वेळी बूथवर नाव सापडलं नाही म्हणून परत गेलेली माणसं मी बघितलीत. तुझ्या धाकट्या भावाला पण सांग, यादीत नाव घालायला 1 जानेवारीलाच अठरा पूर्ण पाहिजेत असं आता नाही, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेलापण चालतं.

काय ठरवलंस ते कळव, उमेदवार जाहीर झाले की त्यांची ॲफिडेव्हिटं मी पाठवतो, रात्री फोनवर बसून दोघं वाचूया.

तुझाच,
खानापूरचा दोस्त