मावशी, तुझा हिशेब मला जुळवता आला नाही

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी दहाजण वाचतील आणि तुला ते नातीकडून वाचून घ्यावं लागेल. "गावभर काहून सांगतं बापू?" असं तू म्हणशील, ठाऊक आहे. पण एवढ्या वर्षांत मला हे तोंडानं सांगता आलं नाही. तुझ्या अंगणात येतो, खाटेवर बसतो, चहा पितो, पिकापाण्याचं बोलतो आणि उठून जातो. आणि उघडं लिहितो आहे, कारण तू जे केलंस ते माझ्या घरात दडवून ठेवायचा मला हक्क नाही.

२०१७ चा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. कपाशी माणसाएवढी वाढली होती. पाऊस उघडला की अंगाला चिकटणारी दमट गर्मी. पाठीवर बॅटरीचा पंप, नोझल वर धरून फवारायचं, म्हणजे औषधाचा फवारा झाडावर जेवढा तेवढाच आपल्या तोंडावर. दोन-दोन औषधं एकाच बादलीत कालवायची आपल्याकडे रीतच पडली होती. माझ्याकडे चष्मा नव्हता, हातमोजे नव्हते, तोंडाला दुपट्टा बांधला होता तोही ओला झालेला. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यांत पडले. त्या शेकडोंतला मी एक. मी परत आलो. जे आले नाहीत त्यांच्या घरांवरून जाताना आजही माझी मान खाली जाते, आणि मीच का वाचलो याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

दवाखान्यात सोळा दिवस होतो. विषावर देतात त्या ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांनी तोंड कोरडं ठक्क, नजर अंधूक. भिंतीवर बोंडं फुटलेली दिसायची आणि मी ती वेचायला हात उचलायचो, असं बायको सांगते. त्या दिवसांत मला प्रार्थना आली नाही, मावशी. लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना 'आमची रोजची भाकर' इथवर यायची आणि तुटायची. पुढचे शब्द सापडायचे नाहीत. माझा विश्वास गेला असं वाटून मी रडलो होतो.

मार्काच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात त्या पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे ना, चौघांनी छप्पर उसकटून ज्याला खाली सोडलं. ती मी शंभरदा ऐकली असेल. पण त्यात येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलं आहे, इकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथं एक अक्षर नाही. तो नुसता पडून आहे. माझ्या खाटेचा एक कोपरा तू धरला होतास, हे मला फार उशिरा कळलं.

इकडे शेतात कापूस फुटला. फुटलेला कापूस कोणासाठी थांबत नाही. दव पडतं, अवकाळी येतो, बोंड लोंबतं, मातीत पडतं आणि मग त्याला कोणी विचारत नाही. त्यात त्या साली गुलाबी बोंडअळी, अर्धी बोंडं किडकी, कवडीच जास्त. शिवाय वेचणीचा जोर, प्रत्येक शेतकरी बाया शोधत फिरत होता. अशा वेळी तू बारा बाया गोळा केल्यास आणि माझ्या तीन एकरांत उतरलीस. चार दिवसांत ९ क्विंटल ४० किलो कापूस घरात आणून टाकलास. त्या बाया बहुतेक आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या नव्हत्या. पहिला वेचा म्हणून त्यांनी रीतीप्रमाणे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सीतादहीची पूजा केली आणि तू शेजारी उभी राहून, डोळे मिटून, पदर डोक्यावर घेऊन आपली प्रार्थना केलीस. मग सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. हे मला त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. "तुया मावशीनं शेतालेच देऊळ केलं होतं," ती म्हणाली. आपण त्याला उपासना म्हणतो. शब्द वेगळा आहे, तिला दिसलं ते तेच होतं.

आता त्या हिशेबाकडे येतो, कारण तोच माझ्या मनात इतकी वर्षं रुतून बसला आहे.

तुला माहीत आहे, मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा माणूस. गाडी आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, पावती. एका क्विंटलमागे रुई किती निघेल, किती सरकी, १७० किलोची गाठ कितीत बांधली जाईल, हे मला झोपेतही सांगता येतं. तर हात थरथरायचे थांबल्यावर मी पहिली वही उघडली ती तुझ्यासाठी. वेचणीचा भाव किलोला ६ रुपये. ९४० किलोचे ५,६४० रुपये. बायकोच्या भावाकडून उसने घेतले, रुमालात बांधले आणि तुझ्याकडे आलो.

तू चुलीपुढे बसली होतीस. "बायांचे पैसे चुकते झाले," म्हणालीस.

"कोणी दिले?"

"देवानं देल्ले."

"किती?"

"एकेकीले रोजचे दीडशे."

मी तिथंच मनात आकडा मांडला. बारा बाया, चार दिवस, दीडशे: ७,२०० रुपये. किलोच्या भावानं निघत होते ५,६४०. फरक १,५६०. वहीत एवढी तफावत निघाली तर मला रात्री झोप येत नाही. मी विचारलं, किलोनं का नाही दिलेस? त्यावर तू जे सांगितलंस ते सांगताना तुझ्या आवाजात काही विशेष नव्हतं, भाकर थापता थापता सांगितलंस. सगळ्यांत चपळ बाईनं पंचवीस किलो वेचले, तिचे दीडशेच होत होते, तिला दीडशे मिळाले. कंबरेत वाकलेली ती म्हातारी दुपारनंतर यायची, तिचे सहा किलोच्या वर जात नव्हते, तिलाही दीडशे. चपळ बाई कुरकुरली तेव्हा तू तिला एवढंच विचारलंस, "तुयं कमी केलं काय मी?"

तेव्हा मला काही उमगलं नाही. मी फक्त १,५६० च्या मागे होतो. पण उठताना तुझ्या गोठ्याकडे नजर गेली आणि दोन खुंटे रिकामे दिसले. दावी तशीच पडली होती. दोन्ही बकऱ्या गेल्या होत्या, त्यातली एक गाभण होती हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ७,२०० घेऊन आलो. तू रुमालाला हात लावला नाहीस. "ठेव तुयाजवळ. लेकरं शायेत हायेत तुये. मी का व्याजानं देल्ले होते?"

इथं मला एक कबूल करायचं आहे, मावशी. त्यानंतर तीन महिने मी तुला टाळलं. हापशीवर तू दिसलीस की मी वाट बदलायचो. राग होता मला, खरंच. तू पैसे घेतले असतेस तर मी मोकळा झालो असतो. आपल्याकडे उपकाराचं ओझं म्हणतात ते काय असतं, हे त्या तीन महिन्यांत माझ्या खांद्यांना कळलं. कर्जाला तारीख असते, व्याज असतं, फेडलं की सातबारा मोकळा. तुझ्या दोन बकऱ्यांना यातलं काहीच नव्हतं.

मग एका रविवारी पास्टर आले. आपल्या टिनाच्या प्रार्थनाघरात ते महिन्यातून दोनदाच येतात, त्या दिवशी प्रभुभोजन होतं. वाचन मत्तयाच्या विसाव्या अध्यायाचं निघालं. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे गडी ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि पाच वाजताही चौकात रिकामे उभे असलेल्यांना आणतो. संध्याकाळी सगळ्यांना एकच मजुरी. सकाळपासून राबलेले कुरकुरतात आणि धनी त्यांच्यातल्या एकाला म्हणतो की मी तुझ्यावर अन्याय करत नाही, आपली मजुरी हीच ठरली नव्हती का. मी चटकन तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. तुला अक्षर ओळख नाही. तू हा अध्याय कधी वाचलेला नाहीस, फक्त ऐकलेला आहेस, आणि तो माझ्या शेतात करून दाखवलास.

आजवर मी हा दाखला ऐकताना स्वतःला पहाटेच्या गड्यांत धरत आलो होतो. वाडवडिलांपासूनचा ख्रिस्ती, रविवार न चुकवणारा, दशांश बाजूला काढणारा. त्या दिवशी कळलं की मी पाच वाजताचा आहे. दवाखान्यात पडून होतो, एक बोंडही वेचलं नव्हतं, आणि घरात ९४० किलो कापूस आला होता.

पास्टरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला. त्या भाषेत कृपेला 'खारिस' म्हणतात आणि उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया'. म्हणजे एकाच मुळातून फुटलेले दोन शब्द, आणि प्रभुभोजनालाही फार जुन्या काळापासून याच नावानं ओळखतात. मी घरी येऊन आपल्या मराठीचा विचार करत बसलो. आपल्याकडेही 'उपकार' एकच. त्याच्यापुढे ओझं लावलं की मान वाकते, स्तुती लावली की तोंड उघडतं. तीन महिने मी पहिलं बोलत होतो.

भाकर घ्यायला तू माझ्यापुढे उभी होतीस. तुझे हात पुढे झाले, बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडलेल्या. तू काही देत नव्हतीस, घेत होतीस, आणि त्यात तुला कसलाही संकोच नव्हता. मला वाटतं तुला देता येतं ते यामुळेच. तू आधी घ्यायला शिकलीस. पौल इफिसकरांना लिहितो की तारण कृपेनं आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, आणि ते आपल्या हातचं नसून देवाचं दान आहे. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण दान घेणाऱ्याला फुकट असलं तरी देणाऱ्याला ते फुकट पडत नाही, हे मला तुझ्या गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्यांनी शिकवलं. क्रूसाकडे मी आता त्या खुंट्यांवरून बघतो. यात काही चुकत असेल तर पास्टर सांगतील, पण मला दुसरी वाट सापडलेली नाही.

तू हे सगळं कुठं शिकलीस, असं मी तुला एकदा विचारलं होतं. तू हसलीस आणि यवतमाळच्या सेमिनरीचं नाव घेतलंस. १९५३ साली तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, १९८३ साली ती पुण्याला गेली. तरुणपणी तू तिथं स्वयंपाकघरात भांडी घासायचीस. देशभरातून आलेली मुलं वर वर्गात शास्त्र शिकत होती आणि तू खाली राखेनं पातेली घासत त्यांची गाणी ऐकत होतीस. तुझी आजी १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळातली पोर, मिशनच्या अनाथालयात वाढलेली. "तिले कोणं जेवू घातलं त्याचा हिशेब कोणं ठेवला?" असं तू त्या वेळी म्हणाली होतीस. मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतंच काय.

रूथच्या पुस्तकात बवाज आपल्या गड्यांना सांगतो की त्या परक्या बाईसाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसं टाकत चला, तिला सरवा वेचू द्या, धमकावू नका. त्याच हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारीत, फरदडीचा म्हणजे मुदत संपल्यावरही राखलेल्या कपाशीचा शेवटचा वेचा चालू होता तेव्हा मी तुला तेच करताना पाहिलं. धुऱ्याकडची चांगली फुटलेली बोंडं तू तशीच सोडून पुढे सरकलीस आणि मागून ती म्हातारी आली. तू मागे वळूनही बघितलं नाहीस. वळली असतीस तर तिला लाज वाटली असती. एवढं बारीक भान मला अजून आलेलं नाही.

जिनिंगमध्ये मी अजून काट्यावरच असतो. तिथं मी ग्रॅमचीही सूट देत नाही, घेतही नाही, कारण खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे आणि कापूस शेतकऱ्याचा आहे. पण आता वजन मोठ्यानं वाचून सांगतो, आकडा गाडीवाल्याला स्वतः बघायला लावतो. रात्रीपासून रांगेत असलेल्यांसाठी पाण्याचा माठ भरून ठेवतो. पहिली गाडी यायच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटतो, तू धुऱ्यावर उभी राहायचीस तसा. आणि प्रार्थना आता भाकरीवर तुटत नाही, पुढच्या ओळीपर्यंत जाते: आमची ऋणं सोड.

त्या बारा जणींनाही माझा सलाम सांग. त्या म्हाताऱ्या बाईला सांगता येणार नाही, ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्या मातीला तू आणि मी दोघंही होतो, पण तिथंही मी तुला हे बोललो नाही.

मावशी, तुझे मनापासून आभार. कापसाचे, बकऱ्यांचे, माझ्यासाठी केलेल्या प्रार्थनांचे, आणि तो रुमाल तू परत केलास त्याचे सगळ्यांत जास्त.

पोराच्या हातून तुरीची डाळ पाठवतो आहे. घरच्या जात्यावर भरडलेली आहे. पायलीभर असेल, जास्तही असेल. मोजलेली नाही.

तुझाच,
काट्यावरचा बापू