मॉर्फिनच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवा

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
स. न. वि. वि.

अधिवेशनासाठी आपण बेळगावला, हलग्याच्या सुवर्णसौधात येता. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव तिथून फार लांब नाही. पत्राचा विषय मात्र सभागृहात काढायला अवघड: परसाकडे होणं. आमच्या आबांनीही तो लाजेपायीच दडवला.

आबांना तोंडाचा कॅन्सर होता. दुखणं सोसेना तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दर ४ तासांनी एक. पहिल्या रात्री आबा झोपले आणि घरही झोपलं. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून रुग्णालयांना ही गोळी ठेवणं सोपं केलं, ते चांगलंच झालं. पण आमच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध नव्हतं.

तपासायला गेलो की नर्सबाई विचारायच्या, "होट्टी सरी ऐतेन्री?" म्हणजे पोट ठीक आहे ना? आबा म्हणायचे, "ऐत्री," आहे. पोट दुखत नव्हतं, म्हणजे ठीकच की! बाईंच्या कानडीला बोल नाही, आबांचा सगळा जन्म बाजारात कानडी बोलण्यात गेला. चुकला तो प्रश्न. शेवटचं कधी झालं, खडा होतो का, कुंथावं लागतं का, जाऊन आल्यावर मोकळं वाटतं का, असं विचारायला हवं होतं. तेही लेकी-सुनांना बाहेर बसवून.

नवव्या दिवशी पातळ व्हायला लागलं. आम्ही हगवण समजून ती थांबवायची गोळी दिली. आत मळाचा गोळा अडकून बसला होता आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं, हे कुणाला कळणार? त्याआधी शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून इसबगोलही देऊन झालं होतं, ज्याच्या घशाखाली चार घोट पाणी उतरत नाही अशा माणसाला. भुसा आत फुगतो, आतडं तर हलत नसतं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी बोटानं तपासलं, एनिमा दिला. तोवर आबांनी मॉर्फिन घेणंच सोडलं होतं. "दुखूदे, पण हे नको," म्हणायचे.

त्या डॉक्टरांनी मग समजावलं. मॉर्फिन जसं दुखण्यावर काम करतं तसं आतड्यावरही करतं. आतडं मंदावतं, मळातलं पाणी शोषलं जातं. गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, हा त्रास गोळी चालू आहे तोवर ओसरत नाही. म्हणून आतड्याला कुठे अडथळा नाही ना हे बघून पहिल्या गोळीबरोबरच आतडं हलवणारं औषध, सेन्ना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल, द्यायचं, लागलं तर जोडीला मळ मऊ करणारं लॅक्टुलोज. नुसती केळी आणि गरम पाणी यानं भागत नाही.

साहेब, ही औषधं महाग नाहीत. ज्या खिडकीवर मॉर्फिन मिळतं तिथेच ती मिळावीत, असा आदेश काढा. ट्रामाडॉल, म्हणजे मॉर्फिनच्याच जातीचं पण सौम्य औषध, घेणाऱ्यांनाही त्यात धरा. घरी येणाऱ्या आशाताईंच्या वहीत 'शेवटचं कधी झालं' असा एक रकाना घाला. ३ दिवस कोरा राहिला तर त्यांनी फोन करावा. आणि गोळ्यांबरोबर एक कागद द्या, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. खर्चाचा प्रश्न असेल तर मराठीची बाजू आम्ही इथे बसून फुकट लिहून देऊ.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक लेक