डबकी बुजवू नका

संपादक महाशय,

पावसाळ्याच्या अखेरीस पुण्यात घोळक्याने उडणारे पिवळसर चतुर सगळ्यांच्या ओळखीचे. पण सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणाऱ्या ‘गायनाकँथा’ या थोराड चतुराकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. लांबी साधारण ६ ते ७ सेंटीमीटर, रंग मातकट तपकिरी-हिरवा. दिवसभर तो गर्द सावलीत काटकीला उभा लटकून राहतो. हातभर अंतरावरूनही वाळलेले पानच वाटतो. जवळून पाहावेत ते त्याचे डोळे. इतके मोठे, की डोक्यावर मधोमध एकमेकांना भिडलेले असतात. त्यांच्याच जोरावर तो तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात डास आणि चिलटे टिपतो.

मादीच्या पोटाच्या टोकाखाली दोन काटे असतात. त्यांचा आधार घेऊन ती झाडीतल्या ओलसर मातीत अंडी खुपसते. पावसाने खळगे भरले की पिल्ले पाण्यात वाढतात, घडीचा खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्यासुद्धा पकडतात.

आणि आपण काय करतो? डास होतात म्हणून रानातली, टेकड्यांवरची डबकी बुजवतो, ओढ्यांना काँक्रीट घालतो, पालापाचोळा पेटवतो. डासांच्या शत्रूचेच घर त्यात जाते, याचे मनापासून वाईट वाटते. घराभोवतीचे साचलेले पाणी जरूर काढावे. झाडीतली पावसाळी डबकी मात्र संबंधितांनी राहू द्यावीत आणि पाचोळा जाळणे तातडीने थांबवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे