इंद्रधनुषी बिस्मथ खाणीतला नव्हे, कढईतला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत, यात्रेतल्या खड्यांच्या दुकानांवर आणि ऑनलाइन बाजारात हल्ली एक वस्तू हमखास दिसते. गुलाबी, निळ्या, सोनेरी झाकेचा, जिन्याच्या चौकोनी पायऱ्यांसारखा खडा. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘दुर्मीळ नैसर्गिक बिस्मथ’. कधी तो जळगावच्या ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट या स्थानिक खनिजांच्या रांगेतच मांडलेला असतो. मग बघणाऱ्या मुलाला वाटते, हाही आपल्याच दगडखाणीतला. ही चिठ्ठी चुकीची आहे आणि ती दुरुस्त व्हावी, यासाठी हे पत्र.

खडा बिस्मथ या धातूचाच असतो, त्यात फसवणूक नाही. फसवणूक आहे ती ‘नैसर्गिक’ या शब्दात. बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे साध्या गॅसच्या शेगडीवरही. शुद्ध धातू स्टीलच्या भांड्यात वितळवतात, वरची राखाडी साय काढून टाकतात आणि आच बंद करून तो सावकाश निवू देतात. कडेने थर धरला, पण मधले अजून पातळ आहे, अशा वेळी ते पातळ ओतून दिले की भांड्याला चिकटलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. स्फटिकाच्या कडा मधल्या भागापेक्षा भरभर वाढतात म्हणून मध्ये खळगा राहतो. रंग धातूचा नसतो. गरम पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनने जो अतिपातळ थर चढतो त्याच्या जाडीप्रमाणे सोनेरी, जांभळी, निळी झाक येते, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखी. घाईने थंड केले तर नुसता बारीक दाणा येतो. भांड्यात किंवा साच्यात पाण्याचा थेंब असला तर वितळलेला धातू अंगावर उडतो. म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी चष्मा आणि जाड हातमोजे घालून, मोकळ्या हवेतच करावा, आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

खाणीतला बिस्मथ दिसायला अगदी वेगळा. रुपेरी, पण त्यात फिकट लालसर छटा. बहुधा दाणेदार किंवा पापुद्र्यांचा, कधी नेच्याच्या पानासारखा फांद्या फुटलेला. सुटा, घडीव स्फटिक क्वचितच मिळतो. नखाला जेमतेम दाद देतो, सुरीने कापला जातो, पण हातोडीखाली चुरा होतो.

तो सापडतो उष्णजलीय शिरांत, म्हणजे गरम पाण्याने खडकांच्या भेगांत बसवलेल्या खनिजांच्या पट्ट्यांत. उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येते, ते खानदेशाने पाहिलेलेच आहे. तशाच भेगांतून, पण कित्येक पट खोल आणि दाबाखाली, दोनशे ते चारशे अंश तापलेले खारे पाणी फिरते अशी कल्पना करावी. थिजत आलेल्या ग्रॅनाइटमधून आणि भोवतालच्या खडकांतून ते धातू विरघळवून आणते. ते निवले, उकळले किंवा वेगळ्या पाण्यात मिसळले की विरघळलेले धातू भेगेच्या भिंतींवर बसतात. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातले श्नीबर्ग, चेक देशातले याखिमोव्ह, कॅनडातले कोबाल्ट ही अशा शिरांची नामांकित ठिकाणे. तिथे बिस्मथ, कोबाल्ट, निकेल, चांदी आणि आर्सेनिक एकत्र येतात. शिरेचा कापलेला, घासलेला तुकडा भिंगाखाली धरला की क्रम वाचता येतो: आधी बिस्मथ किंवा चांदीची माशाच्या काट्यासारखी नाजूक फांदी, तिच्याभोवती कोबाल्ट-निकेलच्या आर्सेनाइडचे (आर्सेनिकशी जोडलेल्या धातूंचे) राखाडी कवच, आणि उरलेल्या जागेत पांढरा कॅल्साइट. काही तुकड्यांत बिस्मथ मागाहून विरघळून गेलेला असतो आणि त्याच्या आकाराचा नुसता पोकळ साचा उरतो. सॅक्सनीचे खाणकामगार बिस्मथला ‘चांदीचे छप्पर’ म्हणत, कारण त्याच्या खाली चांदी लागेल अशी त्यांची धारणा होती. दोन्ही धातू एकाच शिरेत येतात, हे पाहता ती धारणा अगदीच निराधार नव्हती.

बिस्मथची खनिजे पुष्कळ आहेत, पण बहुतेक दुर्मीळ. त्यातल्या त्यात आढळणारे बिस्मथिनाइट, म्हणजे गंधकाशी जोडलेला बिस्मथ. शिशासारखे राखाडी, सुयांच्या जुडग्यासारखे, वजनात सुमारे ८१ टक्के बिस्मथ. बिस्मथसोबत तांबे, शिसे आणि गंधक असलेले आयकिनाइट, मेक्सिकोतल्या कोसालाचे नाव असलेले कोसालाइट, टेल्युरियम हे मूलद्रव्य असलेले टेट्राडायमाइट, ब्लॅक फॉरेस्टमधल्या विटिखेनचे विटिखेनाइट ही पुढची मंडळी. श्नीबर्गच्या पुखर नावाच्या खाणकूपावरून नाव पडलेले प्युखेराइट हे बिस्मथचे व्हॅनाडेट, म्हणजे व्हॅनेडियम आणि ऑक्सिजनशी जोडलेला बिस्मथ. जळगावच्या सराफ बाजाराला रस वाटावा असे खनिज म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या माल्डनचे माल्डोनाइट: सोन्याचे दोन अणू, बिस्मथचा एक. शिरेतले पाणी पुरेसे तापलेले असेल तर बिस्मथ वितळलेल्या थेंबांच्या रूपात राहतो आणि हे थेंब पाण्यातले सोने ओढून घेतात. उलट सराफाच्या मुशीत बिस्मथचा अंश जरी शिरला तरी तो सोन्याच्या दाण्यांच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि पट्टी ओढताना सोने तडकते.

आता आपल्या भागाचे. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक आणि तापीकाठी गाळ. त्या खडकाच्या पोकळ्यांतही पाण्यानेच खनिजे बसवली, पण ते पाणी तुलनेने कमी तापलेले होते आणि त्याला खडकातून मिळाले ते सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम. म्हणून स्टिल्बाइट, हुलँडाइट ही झिओलाइट गटातली खनिजे आणि त्यांच्या सोबतीचे ॲपोफिलाइट, कॅल्साइट असा आपला ठेवा. तो जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडला जातो, त्याला उसन्या बिस्मथच्या शेजाराची गरज नाही. विहीर खोदताना चकाकणारा दगड लागला तर तो बिस्मथ निघण्याची आशा धरू नये.

शंका असेलच तर घरच्या घरी घनता काढता येते. एक ग्रॅमचाही फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, पाण्याचा पेला आणि दोरा पुरे. आधी दगड कोरडा तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावा. तो पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा दाखवेल तो ग्रॅमचा आकडा म्हणजे दगडाचे घन सेंटीमीटरमधले आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागावे. शंभर ग्रॅमच्या तुकड्याला काटा १० च्या आसपास दाखवतो तेव्हा बिस्मथ, १५ च्या आसपास बिस्मथिनाइट, २२ च्या आसपास बिस्मथिनाइटसारखेच दिसणारे स्टिब्नाइट (गंधकाशी जोडलेले अँटिमनी), ३७ ला कॅल्साइट आणि ४५ च्या आसपास स्टिल्बाइट. चूक होते ती दोन ठिकाणी. दगडाला बुडबुडे चिकटले तर आकारमान फुगते, तेव्हा ते ब्रशने झटकावेत. आणि धातूसोबत गारेचा तुकडा असला तर घनता खाली येते, अशा मिश्र दगडावरून निर्णय देऊ नये. स्टिब्नाइटची शंका उरली तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाचा एक थेंब टाकावा. स्टिब्नाइट नारिंगी-पिवळे होते, बिस्मथिनाइट होत नाही.

वितळतो का हे पाहण्यासाठी खाणीतला नमुना मात्र मेणबत्तीवर धरू नये. शिरेतल्या बिस्मथसोबत आर्सेनिक असते. तापवल्यावर लसणासारखा वास आला तर तो विषारी धूर आहे. श्नीबर्ग, याखिमोव्हच्या नमुन्यांत युरेनियमची खनिजेही असू शकतात, ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

आयकिनाइट आणि कोसालाइटसारखी खनिजे नुसत्या डोळ्यांनी वेगळी सांगता येत नाहीत. घासलेला तुकडा परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि इलेक्ट्रॉन प्रोबने, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून घटक मोजणाऱ्या यंत्राने, त्यातले धातू मोजावे लागतात. तेव्हा हजारो रुपयांना असा नमुना घेताना खाणीचे नाव आणि पृथक्करणाचा कागद मागावा. कागद नसेल तर ‘बिस्मथचे सल्फोसॉल्ट’ (बिस्मथ, इतर धातू आणि गंधक यांच्या खनिजांच्या गटाचे नाव) एवढीच चिठ्ठी खरी.

विक्रेत्यांना आणि प्रदर्शनांच्या आयोजकांना आमची विनंती दोन ओळींची आहे. रंगीत पायऱ्यांच्या खड्याखाली लिहावे: ‘बिस्मथ धातू, वितळवून वाढवलेला स्फटिक’. आणि तो झिओलाइटच्या रांगेतून काढून वेगळ्या टेबलावर ठेवावा.

आपले नम्र,
भूगर्भशास्त्राचे काही अध्यापक, जळगाव व धुळे